पहिला गडी

“ते सगळं खरं बाबा, पण पहिला कोणाला घेऊ, एवढं सांगा ना.”

लतीफबाबा चहात बेकरीचं बटर बुडवत होते. बटर मऊ पडून कपातच गळालं, तसं त्यांनी ते चमच्याने शोधायला घेतलं.

“काय घ्यायचंय म्हणालास?”

“चढाईपटू. कबड्डीतला.”

“बाजारात मिळतो होय?”

धैर्यशीलच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण गरज त्याची होती, म्हणून बिचाऱ्याने राग गिळला.

हा धैर्यशील म्हणजे आमणी गावचा मोठा शहाणा. मिसरूड फुटल्यापासून मैदानात पाय ठेवला नाही, पण देशातल्या कुठल्या गड्याचा कुठला गुडघा दुखतो, ते याला पाठ. हा कबड्डी खेळायचा मोबाइलवर. खरे सामने तिकडे मोठ्या शहरांत व्हायचे. इकडे हा आणि याचे मित्र त्यातले गडी आळीपाळीने निवडायचे आणि आपापला संघ मांडायचे. एकाने घेतलेला गडी दुसऱ्याला मिळत नाही. गड्याने तिकडे गुण मिळवले की इकडे ते निवडणाऱ्याचे. घाम त्याचा, टिमकी याची.

बाबा फकीर माणूस. आमणीबाहेर पिराचा माळ आहे, तिथे दर्ग्यामागे त्यांची पत्र्याची खोली. दारात कडुनिंब, आणि समोर उरुसात जिथे कबड्डी होते ते मैदान. लोक म्हणायचे, बाबांना कळतं. काय कळतं, ते मात्र कोणी सांगत नसे.

“म्हणजे तुझ्या खिशात माणसं आहेत,” बाबा म्हणाले.

“तसं नाही हो...”

“किती?”

“सात.”

“जिवंत?”

धैर्यशील हसला. बाबा हसले नाहीत.

“बरं, तू निवडतोस कसा?”

हे विचारलं आणि स्वारी खुलली. मांडी बदलून बसली.

“त्याचं शास्त्र आहे बाबा. चढाईपटू आधी घ्यायचा. पकड करणारे मागून मिळतात. चढाईपटूंतही नावाला भुलायचं नाही. संघाच्या निम्म्या चढाया एकट्याच्या अंगावर आहेत, असा बघायचा. तिशी ओलांडलेला नको. मागच्या वर्षी फार गाजलेला तर मुळीच नको, त्याचं अंग आतून झिजलेलं असतं. अभ्यास लागतो. माझ्याइतका अभ्यास आपल्या तालुक्यात कोणाचा नाही.”

“मग माळ चढून इथे कशाला आलास?”

...

धैर्यशीलने कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. त्याच्या चहावर साय धरली होती.

“माझा धाकटा भाऊ,” तो म्हणाला. “इंद्रजित. यंदा मोठ्या संघात लागलाय. त्यांची सगळी चढाई त्याच्यावर आहे. गणिताने बघितलं तर पहिला तोच घ्यायला पाहिजे. आणि यंदा पहिली पाळी माझी आलीय.”

“मग घे की.”

“भीती वाटते.”

“कशाची?”

“मी पहिला घेतलेला गडी टिकत नाही, बाबा.” त्याचा आवाज खाली आला. “सुरुवातीला ज्याला घेतलं, त्याचा गुडघा गेला. त्याच्या पुढच्या वर्षीच्याचा खांदा निखळला. गेल्या वर्षीचा... सकाळी सरावाला निघाला, गाडीवरून पडला. उठलाच नाही.”

“आणि भावाला नाही घेतलंस तर?”

“त्याचा फोन आला होता. म्हणाला, दादा, सगळे म्हणतात हा पोरगा टिकायचा नाही. तू तरी मला पहिला घे. तू दुसऱ्याला घेतलंस तर मी समजेन, घरच्यांनाच माझा भरवसा नाही. मग मी कोणासाठी खेळू?” धैर्यशीलने नाक पुसलं. “आई गेल्यावर मीच वाढवलाय त्याला. माझा जीव आहे तो. आता त्याचं मन मोडू की पाय, तुम्हीच सांगा.”

“पाय तू मोडतोस?”

“मला... माहीत नाही.”

“एवढा मोठा झालास होय रे!”

धैर्यशीलने मान खाली घातली. खरं सांगायचं तर त्याला थोडं बरंही वाटलं. आपल्या बोटात एवढी ताकद असेल, हा विचार त्याने याआधीही कुरवाळला होता.

बाबा उठले. कोपऱ्यातली काठी घेतली.

“चल बाहेर.”

“आत्ता? उन्हात?”

“गडी काय घरात बसून वाटतात?”

बाहेर टळटळीत दुपार होती. मैदान पांढरं पडलं होतं. कडुनिंबाचं पान हलत नव्हतं, आणि माळावर एरवी ओरडणाऱ्या टिटव्यासुद्धा गप्प होत्या.

“लहानपणी गडी कसे वाटून घ्यायचात?” बाबांनी विचारलं.

“दोन कप्तान असायचे. बाकीच्यांनी दोघादोघांच्या जोड्या करायच्या. जोडीने लांब जाऊन गुपचूप नावं ठरवायची. एक लिंबू, एक पेरू. मग गळ्यात हात घालून परत यायचं आणि विचारायचं, कोण घेतो लिंबू, कोण घेतो पेरू? या जोडीला एका कप्तानाने आधी मागायचं, पुढच्या जोडीला दुसऱ्याने. उरलेला आपोआप समोरच्याचा.”

“लिंबू कोण, ते ठाऊक असायचं?”

“छे! तीच तर गंमत.”

“मग तुझं शास्त्र?”

“तेव्हा कुठलं शास्त्र, बाबा. तोंडाला येईल ते मागायचं.”

बाबांनी काठीने मातीत लांब रेघ ओढली. अलीकडे धैर्यशीलला उभं केलं.

“हा तू एक कप्तान.”

“आणि दुसरा?”

बाबांनी रेघेपलीकडे मान केली. पलीकडे नुसती माती.

“तिथे तर कोणीच नाही.”

“इतकी वर्षं गडी मागत आलास. समोर कोण उभा आहे, ते कधी बघितलं होतंस?”

“समोर माझे मित्र असतात. गण्या, पिंट्या...”

“ते तुझ्या बाजूला असतात, बेटा.”

धैर्यशीलला हसायचं होतं. जमलं नाही.

मैदानाच्या दुसऱ्या टोकाला बाबांनी हात केला आणि एखाद्याला जेवायला बोलवावं इतक्या साध्या आवाजात म्हणाले, “या रे.”

वारा नसताना तिकडे वावटळ उठली. वाळका पाचोळा, धूळ, कोणाची तरी फाटलेली पिशवी, सगळं गरगरत वर गेलं. वावटळ रेघेपर्यंत आली आणि तिथेच थांबली. पुढेही जाईना, विरेनाही.

आत दोघं होते. गळ्यात हात घातलेले. तोंडं धुळीत दिसत नव्हती.

“कोण घेतो ऊन?” दोघं एकदमच बोलले. “कोण घेतो सावली?”

 त्या दोन आवाजांतला एक इंद्रजितचा होता. सर्दी झाल्यासारखा, जरा नाकातला. लाखांत ओळखला असता.

“इंद्या!... अरे, तू तर सरावाच्या शिबिरात आहेस ना?”

दोघं तसेच गळ्यात हात घालून उभे.

“बाबा, त्यातला तो कोणता? ऊन की सावली?”

“तीच तर गंमत,” बाबा म्हणाले.

“चेष्टा करू नका हो! मला काहीतरी सांगा. उजवीकडचा उंच वाटतो... नाही, डावीकडचा...”

“नाव माग. अंग बघून मागायचं नाही.”

“मला नाही मागायचं. मी खेळतच नाही. हा बघा, मोबाइल बंद केला.”

“नको मागूस.” बाबांनी काठी जमिनीला टेकवली. “मग तो आधी मागेल.”

रेघेपलीकडे कोणीतरी श्वास आत घेतला.

चढाईला निघताना गडी दम भरतो ना, तसा. लांब, खोल. दिसत तर काही नव्हतं. पण पलीकडची धूळ त्या श्वासाबरोबर एका जागेकडे सरकत गेली, आणि श्वास संपेचना.  आता हा श्वास थांबेल आणि त्याच्या जागी शब्द येईल, हे धैर्यशीलला कळलं. त्याच्या भावाचं नाव त्या तोंडात जाईल.

“ऊन!” तो किंचाळला. “ऊन माझं! मी घेतलं! ऊन माझं!”

श्वास थांबला.

वावटळ बसली. दोघं सुटे झाले, ते फक्त पावलांच्या आवाजावरून कळलं. एक पाऊल पलीकडे गेलं, सावकाश, आणि रेघ ओलांडल्यावर ऐकू येईनासं झालं. दुसरं धावत याच्याकडे आलं.

धैर्यशीलने डोळे गच्च मिटून घेतले.

खांद्यावर हात पडला. घामाने ओला, जड, तापलेला. मुरगळल्यावर लावायच्या तेलाचा वास आला. त्याने एक डोळा किलकिला करून खांद्याकडे बघितलं. वाकडी करंगळी. लहानपणी दारात चेमटली होती, ती तशीच राहिलेली करंगळी.

“इंद्या...”

तो ढसाढसा रडला. मागे वळून बघायची छाती झाली नाही. तो त्या हातावर नुसता आपला हात ठेवून रडत राहिला, आणि ते बोट थोपटत राहिला.

मग रडता रडताच हसू फुटलं.

“आला! बाबा, माझ्याकडे आला! काही माहीत नसताना बरोबर मागितलं मी! बघितलंत ना? माझा अंदाज चुकत नाही!”

“बघितलं.”

“उगाच घाबरत होतो मी. आता पहिला यालाच घेणार. छाती ठोकून घेणार. काही होत नाही याला, माझ्या बाजूला आहे हा.”

“आणि दुसरा?”

“दुसरा कोण?”

“जोडीतला.”

“गेला तिकडे.” धैर्यशीलने हात झटकला. “असेल कोणीतरी. माझा आला ना, बस्स.”

बाबांनी रेघेपलीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. तिकडे आता मातीत पावलं उमटलेली होती, जाताना उमटलेली. येतानाची नव्हती.

...

“विचारलंही नाहीस त्याचं नाव,” बाबा म्हणाले.

“मला काय करायचंय, बाबा? खरंच, तुमचे उपकार झाले. येतो मी. पोरं वाट बघत असतील, निवड सुरू व्हायची आहे.”

तो निघाला. दोन पावलं टाकली आणि त्याच्या लक्षात आलं की खांदा हलका झालाय. इंद्रजितचा हात तिथे नव्हता. त्याने चमकून मागे बघितलं. मैदान रिकामं, आणि रेघ तशीच.

पलीकडे पुन्हा कोणीतरी दम भरायला लागलं होतं.

“बाबा... हे काय आता? संपलं ना?”

बाबांनी काठी कडुनिंबाला टेकवून ठेवली. डोक्यावरचा रुमाल सोडून पुन्हा घट्ट बांधला, मैदानात उतरणारा बांधतो तसा. मग त्याच्याजवळ आले आणि आपला हात त्याच्या गळ्यात टाकला. एवढ्या उन्हात तो हात थंडगार होता.

“कुठे नेताय मला?”

“लांब. त्याला ऐकू जाणार नाही इतकं.”

“कशाला? बाबा, मी कप्तान आहे ना?... बाबा?”

बाबा त्याला घेऊन चालायला लागले.

“नाव ठरव तुझं,” ते म्हणाले. “आता आधी मागायची पाळी त्याची.”