मेरुमणी ओलांडायचा नाही

एका गावात केरबा नावाचा भोळा गडी राहायचा. त्याच्यात खोट अशी एकच. सांगितलेलं सगळं तो करायचा.

दोन स्थळं हातची गेली होती. तिसऱ्या मुलीचा बाप म्हणाला, "पोरगा बरा आहे, पण मन जाग्यावर दिसत नाही. ते जाग्यावर आणा, मग फुलवंता तुमची." केरबाची आई आवडाबाई घाबरली. हेही स्थळ गेलं, तर चौथं कुठून आणायचं? ती लेकाला घेऊन थेट मठातल्या बुवांकडे गेली.

बुवांनी मंत्र दिला, माळ दिली. म्हणाले, "रोज एकशे आठ वेळा जप. मध्ये बोलायचं नाही."

सकाळी केरबा ओसरीवर जपाला बसला. समोर वासरू सुटलं आणि गाईचं सगळं दूध पिऊन गेलं. केरबाने शांतपणे पाहिलं. माळ संपल्यावर हाक मारली, "आई, वासरू सुटलंय गं."

"आत्ता सांगतोस?"

"आत्ताच माळ संपली."

आईने मठात जाऊन गाऱ्हाणं घातलं, तेव्हा बुवा हसले. "जपात वासराकडे बघायचंच कशाला? मन भरकटलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं, बाळा."

केरबाने हे पक्कं धरलं. पोरगा जपाला बसतो हे ऐकून फुलवंताच्या बापाने लग्न ठरवलं. आईने केरबाला कुंभाराकडे लग्नाची मडकी आणायला धाडलं. वाटेत माकड दिसलं. मन भरकटलं. केरबा घरी आला, उंबऱ्यापासून पुन्हा निघाला. मग बैलांची झुंज दिसली. परत घरी. दिवस मावळेपर्यंत तो अकरा वेळा निघाला. मडकं एकही आलं नाही.

"मेल्या, मन कुठंही जाऊ दे, पाय थांबवू नको!" आई ओरडली.

हेही पक्कं धरलं. मामाला आवतण द्यायला निघाला. मन फुलवंताकडे गेलं, पाय चालत राहिले. मामाचं गाव मागे पडलं. पुढे नदी आडवी आली, तेव्हा घाटावर धुणं धुणाऱ्या एका म्हाताऱ्याला आवतण देऊन आला.

आईने कपाळावर हात मारला आणि लेकाला पुन्हा मठात नेलं. "बुवा, याला थांबायचं कुठं, तेवढं शिकवा हो!"

बुवांनी माळ वर धरली. "हा टोकाचा मोठा मणी, मेरू. हा कधी ओलांडायचा नाही. इथं आलं की थांबायचं आणि आल्या वाटेने मागे फिरायचं."

"एवढंच होय?" केरबाला हायसं वाटलं.

लग्नात सगळं सुरळीत चाललं. केरबा हलला नाही, बोलला नाही. "जावई अगदी शांत हो!" सासरा कौतुकाने म्हणाला. आवडाबाईच्या जिवात जीव आला.

सप्तपदीला तांदळाच्या सात राशी मांडल्या. भटजी म्हणाले, "सातवं पाऊल शेवटचं. ते पडलं की लग्न लागलं."

सहा पावलं पडली. सातवी रास जरा मोठी होती. केरबा थांबला. वळला. आल्या वाटेने मागे निघाला.

"अहो, गाठ!" फुलवंता फरफटत ओरडली.

केरबाने हळूच उपरण्याची गाठ सोडली, शालूचा पदर सासऱ्याच्या हातात दिला, नमस्कार केला आणि मांडवाबाहेर पडला.

"केरबाऽ! अरे, एक पाऊल राहिलं रे!" आवडाबाई रडत मागे धावली.

"रडतेस काय, आई?" केरबा म्हणाला. "एवढी वाजंत्री, एवढी माणसं, शेजारी एवढी देखणी नवरी. तरी बघ, मन जरासुद्धा हललं नाही!"