दर्भाचा कावळा

पूर्वी वेणुपूर नगरात राजा अरिंदम राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका तेल्याच्या घरी जन्मला होता. त्याचे नाव सुयाम. वेशीजवळ त्याची तेलाची वखार होती, घरी बायको भद्रा आणि उत्पला नावाची एकुलती एक लेक.

शेजारच्या सामा नावाच्या विधवेचा मुलगा वक्कल त्याच्या घाण्यावर कामाला होता. एकदा त्याने मापात लबाडी केली, म्हणून सुयामाने त्याला चारचौघांत नाही नाही ते बोलून हाकलून दिले. पोराने डोक्यात राख घालून घेतली आणि भर दुपारी वखार पेटवली. आत तेलाच्या बुधल्यांच्या आडोशाला, गारव्याला म्हणून उत्पला झोपली होती. हे त्याला ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर त्याचा हात थांबला असता का, कोण जाणे. उत्पला त्या आगीत गेली, आणि राजाने वक्कलला सुळावर चढवले.

आता त्या नगरीची रीत ऐका. तिथे लोकनाथाचे मोठे देऊळ होते. पुरोहित पिंगल रोज सांगे, की लोकनाथ म्हणजे सगळ्यांची माउली, तिच्या मायेला अंत नाही. आणि त्याच दमात सांगे, की लेकराचा जीव घेणाऱ्यासाठी या माउलीने एक नरक करून ठेवला आहे, त्यालाही अंत नाही. लोक दोन्ही गोष्टी हात जोडून ऐकत आणि घरी जाऊन जेवत. कोणाच्या घशात घास अडकला नाही.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवायचा. कावळा शिवला की मेलेला सुटला. नाहीच शिवला, तर दर्भाचा कावळा करून शिववायचा, म्हणजे घरच्यांना तोंडात पाणी घेता येते. पण लेकराचा जीव घेणाऱ्याला दर्भाचा कावळा मिळायचा नाही. दिवस बुडायच्या आत खरा कावळा आला नाही, तर त्याच्यावर नरकाचे दार कायमचे लागले.

लोक सुयामाला भेटायला येत आणि धीर देत, की बाबा, तो आता चंद्रसूर्य असेतोवर जळेल. सुरुवातीला ते शब्द त्याला बरे वाटले. खोटे कशाला सांगू, फार बरे वाटले. तो डोळे मिटून वक्कलला जळताना पाहत बसे. मग एका दुपारी त्याच्या नाकात वास भरला, आणि तो वखारीतला वास होता. वक्कलला जळताना पाहायचे, तर उत्पलाला पुन्हा जळताना पाहावे लागत होते. ती आग कधीच विझणार नसेल, तर त्याची लेकही त्याच्या डोळ्यांपुढे कधीच जळायची थांबणार नव्हती. त्या दिवशी तो पोटभर रडला.

वक्कलच्या दहाव्याला तो नदीवर गेला. घाटावर गर्दी होती. पिंड वाळूत ठेवलेला, वर कावळे घिरट्या घालत होते, पण माणसांच्या गलक्याने एकही खाली उतरत नव्हता. लोक एकमेकांना कोपराने डिवचून म्हणत, पाहा, कावळासुद्धा शिवत नाही. सामा सकाळपासून पाण्याच्या थेंबाविना उन्हात उभी होती. हीच सामा उत्पलाला तान्हेपणी न्हाऊ घालायची.

ऊन उतरले, तसा सुयाम गर्दीतून तिच्यापाशी आला. सुयामाला पाहताच तिने मान खाली घातली. त्याने वाटेवरच्या दर्भाची मूठ उपटली आणि वाळूत बसून वळायला घेतली.

पिंगल लगबगीने पुढे आला. "सुयामा, अरे तुझीच लेक गेली ना? तिला न्याय नको?"

"ती परत आली तर तो न्याय, महाराज. ते तुमच्या देवालाही जमलं नाही." सुयाम दर्भ वळतच राहिला. "मी साधा तेली. माझी माया केवढीशी, तरी माझा राग दहा दिवसांत थकला. त्याचा राग कधीच थकत नाही आणि माउली तुम्ही त्याला म्हणता. मला हे जुळवता येत नाही."

पिंगल मागे सरला.

कावळा काही धड झाला नाही, चोच वाकडीच राहिली. सुयाम तो घेऊन पिंडापाशी गेला.

"वक्कला," तो म्हणाला, "तुला माफ केलं असं म्हणायला मला तोंड नाही. पण तू कायमचा जळत राहावंस, असं मला आता वाटत नाही. एवढंच खरं आहे. जा बाबा." आणि त्याने दर्भाचा कावळा पिंडाला शिववला.

सामा पुढे येऊन वाळूत बसली. त्याने ओंजळीतून तिला पाणी पाजले. सुटला का रे माझा लेक, तिने विचारले.

"मला माहीत नाही, मावशी. पण आपण दार लावलं नाही."

घरी भद्रेने त्याला पाय धुवायला पाणी दिले आणि पाठ फिरवली. त्यानंतर ती त्याच्याशी बोलली ती कामापुरतीच, शेवटपर्यंत. त्याने तिला कधी बोल लावला नाही. तिच्या जागी तिचेही बरोबर होते, असे तो म्हणे, आणि रात्रंदिवस लेकीला आठवत राही.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा विहारात सुप्पिय नावाच्या भिक्षूसाठी सांगितली. सुप्पियाच्या धाकट्या भावाला एका चोराने मारले होते, आणि त्या चोराला नरकातून कधीच सुटका नाही ना, असे त्याने त्या सकाळी विचारले होते.

कथा संपवून शास्ता म्हणाले, की त्या वेळची सामा म्हणजे पलीकडे मठात राहणारी वृद्ध भिक्षुणी, पिंगल म्हणजे दारापाशी बसलेला तो पंडित, आणि सुयाम तेली म्हणजे मी.

सुप्पियाने विचारले, "आणि वक्कल? तो अजून तिथेच आहे का, भगवन्?"

शास्त्यांनी त्याच्याकडे मायेने पाहिले.

"वक्कल तू होतास."

सुप्पियाने आपल्या दोन्ही हातांकडे पाहिले आणि अंगावरच्या चीवरात तोंड लपवले. आपले दुःख न विसरताही जी दुसऱ्यावर दार लावत नाही, त्या करुणेची ही कथा आहे.