पाळण्याची कडी

कपाटं बोलायची आणि माणसं आपल्याच नादात असायची, त्या काळची ही गोष्ट. वामनराव सोहोनींना लढाऊ विमानांच्या मोठमोठ्या प्रतिकृती करून घरात मांडायचा भारी नाद. चार महिने खपून त्यांनी एक बॉम्बफेकी विमान केलं. पंख असे लांबरुंद, की दोन्ही हात पसरले तरी कवेत मावू नयेत.

विमान तोऱ्यात म्हणालं, "मी काचेच्या कपाटात मधोमध बसणार!"

कपाट म्हणालं, "माझ्यात आधीच अकरा जण दाटीवाटीने बसलेत. यायचं तर पंख बाहेर ठेवून ये."

टेबलाने जेवणाचं निमित्त सांगितलं. पलंगाने तर ऐकलंच नाही. शेवटी वामनरावांनी नाइलाजाने करवत उचलली, तसा विमानाचा तोरा उतरला. पंख गेल्यावर आपण विमान कसलं?

तेवढ्यात छताला लटकलेली गंजकी कडी जीव खाऊन करकरली. पोरं मोठी होऊन परगावी गेली, पाळणा निघाला, तेव्हापासून ती रिकामीच होती.

आवाजासरशी वामनरावांच्या बायकोने, कुमुदताईंनी, वर पाहिलं. "अहो, थांबा! ही कडी काय नुसती बघायला ठेवलीय?"

विमान वर चढलं आणि ऐसपैस पंख पसरून राहिलं. "कडीताई, तुझे उपकार कसे फेडू?"

"उपकार कसले रे? इतकी वर्षं मी नुसतं लोखंड होते. तू आलंस आणि मी पुन्हा कडी झाले."

खालून जाता जाता कुमुदताईंनी जुन्या सवयीने एक हलका झोका दिला. बॉम्बफेकी विमान गाढ झोपी गेलं.