नाचरी गप्पी आणि शेवाळ

मुलांनो, एक जंगल होते. दीड हात लांब, हातभर उंच आणि चारी बाजूंनी काचेचे. डॉक्टर हर्डीकरांनी ते आपल्या दातांच्या दवाखान्यात, पेशंट बसतात त्या बाकासमोर, नुकतेच मांडले होते. तळाला काळी वाळू, वाळूत रोवलेली कोवळी पाणझाडे आणि वर लख्ख दिवा. या जंगलात इतर माशांबरोबर केशरी शेपटीची एक गप्पी मासोळी राहत असे. नाचावे तर तिनेच! कुणी काचेजवळ आले की ती अशा गिरक्या घेई, की दाढ ठणकणारा माणूससुद्धा गालावरचा हात काढून बघत राही. मग काय, कौतुकाचा पाऊस! सकाळी डॉक्टर चिमूटभर खाणे टाकत, दुपारी पेशंटची नावे पुकारणाऱ्या कुमुदताई टाकत, आणि मध्येच एखादे रडके पोर झाकण उचलून बिस्किटाचा चुरा टाकी.

या गप्पीच्या पोटात पिल्ले होती. पूर्वी दुकानातल्या उघड्या टाकीत असताना तिची पहिली पिल्ले मोठ्या माशांनी तिच्या डोळ्यांदेखत गिळली होती. लपायला तिथे एक पानसुद्धा नव्हते. म्हणून इथली झाडे पाहिली तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला होता. पण दोन आठवडे झाले नाहीत तोच झाडांची पाने पिवळी पडून गळू लागली. उरलेल्या पानांवर, काचेवर, वाळूवर जिकडेतिकडे शेवाळ चढले, हिरवे आणि बुळबुळीत. डॉक्टर वैतागले. “कुमुदताई, शोभा झाली नुसती! पंधरा दिवस वाट बघतो. नाहीतर सगळी झाडं उपटून टाकतो आणि रंगीत खडे ठेवतो.” गप्पीने हे सगळे ऐकले.

टाकीत एक म्हातारी गोगलगाय होती. ती दिवसभर काचेवरचे शेवाळ खात असे, पण ती एक कोपरा साफ करीपर्यंत दुसरा हिरवागार होई. गप्पी तिच्याकडे धावली. “आजी, जरा भराभर खा ना गं! माझ्या पिल्लांचं काय होईल?”

“मी कितीही खाल्लं तरी काय उपयोग?” गोगलगाय फणकारली. “मी एका तोंडाने खाते आणि तू त्याला दिवसातून चार वेळा जेवायला वाढतेस!”

“मी? मी तर त्या घाणीकडे बघतसुद्धा नाही!”

“बघत नाहीस, पण नाचतेस ना? तू नाचलीस की वरून खाणं पडतं. अर्धं तुम्ही खाता, अर्धं वाळूत कुजतं. त्यावर हे शेवाळ पोसतं. आणि तुझा नाच दिसावा म्हणून दिवा सकाळपासून जळतो. शेवाळाला आणखी काय हवं? झाडं बिचारी नवी आहेत. जागा बदलली की जुनी पानं झडतातच. खाली मुळं धरतायत, त्यांना थोडी उसंत दे.”

गप्पीला राग आला, मग रडू आले, आणि मग तिने मनाशी ठरवले. दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडला, बाकावर माणसे बसली, आणि आमची नाचरी एका खडकामागे जाऊन बसली. बाकीचे मासे मात्र काचेशी गर्दी करून होते. “तू नाचू नकोस, पण आम्ही का उपाशी राहायचं?” ते म्हणाले. इतक्यात एका मुलाने काचेवर टकटक केली, आणि सगळे शूर वीर शेपट्या आवरून त्याच मरतुकड्या झाडांत घुसले. गप्पी खडकामागून म्हणाली, “झाडं गेल्यावर कुठे घुसाल?” संध्याकाळपर्यंत सगळे मासे खडकामागे होते.

कुमुदताई म्हणाल्या, “डॉक्टर, मासे दिसेनात. खाणंही तसंच तरंगतंय.”

“मग टाकू नका. एकदा चिमूटभर टाका, बस. आणि कुणी बघायचंच नसेल तर दिवा तरी कशाला दिवसभर?”

पहिले चार दिवस फार कठीण गेले. एकदा एक पोर बिस्किटाचा चुरा हातात धरून काचेशी, अगदी गप्पीच्या नाकासमोर उभे राहिले. पोटात पिल्ले, भूक खवळलेली, शेपटी आपोआप हलायला लागली. तिने ती खडकाच्या फटीत दाबून धरली आणि डोळे दुसरीकडे फिरवले. हळूहळू शेवाळाचा ताठा उतरला. ते सैल पडले, वाळूवरून सुटू लागले, आणि गोगलगाय आयुष्यात पहिल्यांदा कामात पुढे निघाली.

पंधरावा दिवस उजाडला. डॉक्टर बाह्या सरसावून बादली घेऊन आले. त्यांनी पाण्यात हात घातला, पहिले झाड धरले आणि ओढले. झाड हलले नाही. पुन्हा ओढले. झाड ढिम्म! डॉक्टरांनी वाकून पाहिले, तर बुंध्याशी दोन नवी, स्वच्छ, पोपटी पाने. “अहो कुमुदताई, हे तर रुजलंय! सगळीच रुजलीयत!” ते ओरडले, आणि लगेच छाती फुगवून म्हणाले, “मी म्हणत नव्हतो, थोडा धीर धरायला हवा?” गोगलगायीने यावर जे तोंड केले ते बघण्यासारखे होते. बादली रिकामीच परत गेली, आणि टाकीत जो जल्लोष झाला, त्याने पाणी नुसते घुसळून निघाले.

थोड्याच दिवसांत झाडे दाट झाली आणि गप्पीला पिल्ले झाली. चांगली वीस-बावीस! मोठे मासे वास घेत आले, पानापानांत डोकावले, आणि हात हलवत परत गेले. मग आई स्वतः शोधायला निघाली. तिलाही एकसुद्धा पिल्लू दिसेना. त्या गच्च पानांसमोर ती थांबली, आणि आपली मुले कुठेच दिसत नाहीत म्हणून आनंदाने तिला भरून आले.

तात्पर्य : नको ते वाढत चालले म्हणून कपाळाला हात लावण्याआधी, त्याला रोज खाऊ कोण घालते ते पाहावे. ते आपणच असलो, तर जिंकणेही आपल्याच हाती असते.