बासरी आणि घोटभर पाणी

“...पण मग ऐकायचं तरी काय, बुवा? राग ओळखायचा नाही, ताना मोजायच्या नाहीत, दाद द्यायची नाही. मग उरलं काय?”

हेरंब गद्रे सांगलीहून आला होता आणि चार दिवस हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारत होता.

रामलिंगबुवा बासरीला खोबरेल चोळत होते. आजऱ्याच्या अलीकडे, बांबूच्या बेटाला लागून त्यांचं घर. पंचाहत्तरी उलटलेली, नजर अधू. वाजवायचे ते एकटेच. तंबोरा नाही, तबला नाही.

“काल मी सुरू केलं, तर दुसऱ्या सुरालाच तुम्ही काय म्हणाला?”

“अहीरभैरव म्हणालो. बरोबरच होतं ते.”

“बरोबर हुतं की. पर तिसरा सूर ऐकायला तुम्ही थांबलाच न्हाई. तवर घरी पोचलासा.”

हेरंबला हे लागलं. राग ओळखण्यात त्याचा हात धरणारं सांगलीत कोणी नव्हतं, आणि ही गोष्ट सांगलीला तो स्वतःच सांगत असे. याआधी दोघा गुरूंनी त्याला गोड बोलून वाटेला लावलं होतं. तुम्हाला शिकवण्यासारखं आमच्याकडे काही उरलं नाही, म्हणाले. पहिल्या वेळी त्याला ते कौतुक वाटलं. दुसऱ्या वेळी मात्र धाबं दणाणलं.

“बुवा, मी चौतीस वर्षांचा आहे. मी वाजवतो ते आता मलाच ऐकवत नाही. तुम्हीही शिष्य करून घेतलं नाहीत, तर बासरी हिरण्यकेशीत सोडून देणार आहे.”

“नदीत कशाला? चुलीत घाला. वाळला बांबू हाय, चांगला पेटंल.”



बुवांनी तांब्या पुढे सरकवला. “घोट घ्या. मी बासरी खाली ठेवेस्तोवर तोंडात धरायचा. मग अंगणात टाकायचा. मधीच थुंकला न्हाईतर गिळला, तर पिशवी उचलायची. पुन्हा यायचं न्हाई.”

“एवढंच?”

“एवढंच.”

हेरंबने मोठा घोट घेतला. गाल फुगले. एवढा जाणकार माणूस, पण चूळ भरायला निघाल्यासारखा दिसू लागला.

बुवांनी बासरी ओठांना लावली.

आधी सूर आलाच नाही. नुसती फुंकर आली. मग त्या फुंकरीतून हळूच सूर निघाला.

रागाचं नाव हेरंबच्या जिभेवर आलं. जिभेवर पाणी होतं. नाव तिथंच बुडालं.

दुसरा सूर आला. तिसरा आला. भोकांवरून बोटं उठताना बारीक टप टप होत होतं. वीस वर्षं बासरी वाजवून त्याने ते कधी ऐकलं नव्हतं. बुवा खाली खर्जात उतरले, आणि सूर कानांनी यायचा थांबून सारवलेल्या जमिनीतून येऊ लागला. आधी तो नडग्यांना कळला, मग पोटाला, मग छातीला.

एका जागी बुवांनी गंधार असा लावला, की एरवी त्याच्या तोंडून ‘वा’ निघालंच असतं. आता पाणी नुसतं खळबळलं आणि एक थेंब हनुवटीवर आला. ‘वा’ आतच राहिलं. आत राहिलं ते अंगभर फिरायला लागलं. हेरंबला हसू फुटू पाहत होतं, आणि हसायचीही सोय नव्हती.

बुवा श्वास घ्यायला थांबले, की याचाही श्वास थांबे. त्या मोकळ्या जागेत बांबूंची करकर ऐकू यायची. पुन्हा सूर लागला की जीवात जीव यायचा. आता पुढे काय, हे त्याला ठाऊक नव्हतं. कळायला लागल्यापासून असं पहिल्यांदाच होत होतं, आणि तो आनंदाने नुसता अधीर झाला होता.

सूर वर चढू लागला. वरच्या षड्जाच्या अलीकडे, केसभर अलीकडे, येऊन थांबला... थांबूनच राहिला. हेरंबच्या अंगावर काटा आला. आता लागेल, आता लागेल...

लागला.

बुवांनी बासरी खाली ठेवली.

“कुठला राग?”

“ते सोडा हो, बुवा.” हेरंब गुडघ्यांवर उठून बसला होता. “तुम्ही खालून निघालात ना, तेव्हा माझ्या नडग्या थरथरत होत्या. आणि वर जाऊन थांबलात, तेव्हा मला वाटलं, आता काही मी... किती वेळ थांबला होतात तुम्ही? मला तर...”

बोलता बोलता तो अडखळला. आपण बोलतो आहोत, हे त्याच्या ध्यानात आलं.

तोंडात पाण्याचा टिपूस नव्हता.

“बुवा... पाणी.”

“टाकलं का अंगणात?”

होय म्हणता आलं असतं. बुवांना धड दिसत नव्हतं, आणि पुन्हा यायची वाट तेवढ्या एका शब्दाने उघडी राहिली असती.

हेरंबने पिशवी ओढली. बासरी आत घातली. डोळे भरले होते, आणि तोंडावरचं हसू काही केल्या जाईना.

“नाही. गिळलं. कधी, ते आठवत नाही.” तो बुवांच्या पायांशी वाकला. “येतो मी. पण बुवा, आज मी बासरी ऐकली.”

तो पायरीपर्यंत गेला.

“थांब.”

बुवांनी चाचपडत तांब्या जवळ ओढला.

“काढ ती बासरी,” ते म्हणाले. “तू वाजव. आता घोट मी धरतो.”