गारांनी न मोडलेला गहू

फार पूर्वी एका ओढ्याच्या दोन्ही काठांवर शेती करणारे एक गाव होते. फाल्गुनात, गव्हाची कापणी तोंडावर आली असता, तेथे गारपीट झाली. पाऊस सगळीकडे पडला, पण गारांचा पट्टा अरुंद होता. ओढ्याच्या दक्षिणेकडील सारा गहू झोडपला गेला आणि उत्तरेकडील शिवाराला धक्काही लागला नाही.

तिसऱ्या दिवशी दवंडी पिटली गेली. ज्यांचे उभे पीक गेले, त्यांना राजा आपल्या कोठारातून वर्षभराचे धान्य देणार होता. पाहणीसाठी कारकून दुसऱ्याच दिवशी येणार होता.

उत्तरेकडे ओढ्याला लागूनच शेत असलेला शेतकरी गोंदाजी याचा गहू पिकून पिवळा झाला होता. तरीही तो पत्नीला म्हणाला, "सगुणा, शेतात बैल सोडतो आणि गारांची कड इकडंही आली असं सांगतो. कोठारातलं धान्यही मिळेल आणि तुडवलेल्यातलं निम्मं वेचताही येईल."

"अहो, देवानं राखलेलं पीक बैलांच्या पायी घालता?"

"देवानं राखलं, हीच तर पंचाईत झाली!" असे हसून म्हणत त्याने बैल शेतभर फिरवले.

त्या गावची एक रीत होती. पाहणीच्या दिवशी शेतकऱ्याने मूठभर ओंब्या महादेवाच्या पायरीवर ठेवून "या माझ्या शेतातल्या" असे म्हणायचे, आणि त्या पाहून पंचांनी निवाडा द्यायचा. घाईत गोंदाजीला ही रीत आठवली नव्हती. गारेने ओंबी मानेत मोडते आणि दाणा फुटतो. बैलाच्या पायाखालची ओंबी चिखलात लोळते, पण भरलेलीच राहते. पंच एका नजरेत ओळखणार, हे जाणून तो सकाळीच ओढा ओलांडून कोंडाबाई नावाच्या विधवेच्या शेतात गेला.

"या भाऊजी. बघायला आलात होय?"

"चार ओंब्या हव्या होत्या."

"न्या की! पण माझ्या ओंब्यांत राहिलंय काय? तुमचा गहू वाचला, हे ऐकून जिवाला आधार वाटला बघा. राजाचं धान्य खायला होईल, पण पेरायला आपल्याच मातीतलं बी लागतं. आम्ही सगळे तुमच्याकडेच मागायला येणार होतो."

गोंदाजीने मूठभर ओंब्या खुडल्या आणि तो देवळाकडे निघाला.

देवळापाशी त्याची पाळी आली. ज्या पायरीवर तो रोज मस्तक टेकवीत असे, तिच्यावर मूठ ठेवताना त्याचा हात थांबला.

"या कोंडाबाईच्या ओंब्या आहेत," तो म्हणाला. "माझं पीक मीच बैलांनी तुडवलं."

"गारा कमी पडल्या म्हणून तू हातभार लावलास होय रे?" गर्दीतून कोणीतरी म्हणाले.

कारकून रागावला नाही. "गारांनी नेलेलं राजा भरून देतो," तो म्हणाला. "आपल्या हातांनी मोडलेल्याचा रकाना माझ्या कागदात नाही." त्याने गोंदाजीचे नाव खोडले.

गोंदाजी तडक शेतात गेला. सगुणा चिखलातून ओंब्या वेचीत होती. तोही शेजारी बसला.

"भरलेल्या ओंब्या वेगळ्या काढ," तो म्हणाला. "पलीकडच्यांच्या बियाण्याला लागतील."

"आणि आपण काय खायचं?"

"कोणाच्या शेतात काम मिळालं तर भाकरी."

वेचलेला गहू बियाण्यापुरताच भरला. ते बी ओढ्यापलीकडे घरोघर गेले, आणि गोंदाजी व सगुणा यांनी ते वर्ष दुसऱ्यांच्या बांधावर मजुरी करून काढले.

या कथेचे तात्पर्य एवढेच: संकटात आपले जे वाचते, ते ज्यांचे काहीच वाचले नाही त्यांच्यासाठीही देवाने राखलेले असते.