पेठेच्या तोंडचा गज

फार फार वर्षांपूर्वी, नदीकाठच्या एका लहानशा नगरात एक जुनी पेठ होती. कौलारू दुकानं एकमेकांना खेटून उभी असत. पेठेच्या तोंडाशी एक दगडी चौकी होती आणि तिच्या खांबावर दोन खुणा कोरलेल्या होत्या. वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत कापड मोजलं की बरोबर एक गज भरे.

दुकानदाराच्या गजाचा संशय आला, की गिऱ्हाईक त्याला घेऊन खांबाशी जाई. कापड खुणांना लावलं की भांडण मिटे. म्हणून लांबलांबचे लोक इथेच कापड घ्यायला येत आणि कोष्ट्यांचे माग दिवसभर चालत.

नगराचा नगरशेठ एकदा राजधानी पाहून आला आणि त्याला आपली पेठ बघवेना. "पाहुण्यांसमोर मान खाली घालावी लागते," तो म्हणाला. "सगळं पाडू आणि नवं बांधू."

एक म्हातारी कोष्टीण पुढे आली. "शेठजी, कौलं बदला, भिंती लिंपा, पण पेठ पाडू नका. चौकीत आपला गज आहे."

"आजी, गज तर दुकानागणिक आहे! खांब काय करायचा?" नगरशेठ म्हणाला, आणि सगळे हसले. आमच्या घराण्यातलेही त्या गर्दीत होते आणि तेही पोट धरून हसले. हे सांगताना मला आजही लाज वाटते.

पेठ पडली. चौकीचे दगड फोडून त्यांची खडी नव्या रस्त्यात घातली. उंच, चकचकीत दुकानं उभी राहिली आणि वर्षभर सगळे खूश होते.

मग कुणाचा लाकडी गज टोकाला झिजला, तर कुणाचा मोडला. मोडला त्याने शेजाऱ्याच्या गजावरून नवा केला, तो बोटभर कमी भरला. भांडणं लागली. पण कापड घेऊन जायचं कुठे? गिऱ्हाइकं येईनाशी झाली. कोष्ट्यांचे माग एकेक करून थांबले, म्हातारीचाही थांबला.

शेवटी नगरशेठ चार माणसं आणि म्हातारीला घेऊन डोंगरावरच्या एका गावी गेला. त्या गावाला नगरातले लोक आजवर अडाणी म्हणून हसत आले होते. तिथल्या देवळात एक लोखंडी गज जपून ठेवला आहे, असं म्हातारीनेच सांगितलं होतं.

गावच्या म्हाताऱ्या पाटलाने त्यांना गूळपाणी दिलं आणि फडक्यात गुंडाळलेला गज बाहेर आणला.

"न्या की, तुमचाच आहे," पाटील म्हणाला. "आमच्या वाडवडिलांनी तुमच्या खांबावरूनच माप उतरवून घडवला. दर बारा वर्षांनी आम्ही तो खांबाला लावून ताडून बघतो. यंदा यायचंच होतं आम्हाला. खांब बरा हाय न्हवं?"

जो तो आपल्या पायांकडे बघत राहिला.

"पाटील," नगरशेठ कसाबसा म्हणाला, "खांब मी फोडला. त्याची खडी रस्त्यात घातली."

पाटील रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने गज म्हातारीच्या हातात ठेवला आणि हळूच विचारलं, "मग आता आमी कुठं ताडून बघायचं?"

त्या गजावरून नगरात नवा खांब कोरला गेला. माग पुन्हा चालू झाले. पण नवी खूण जुनीइतकीच खरी आहे, असं छातीवर हात ठेवून कुणालाच सांगता येईना. नगरशेठ पुढे जगला तोवर त्या रस्त्यावरून अनवाणी चालला. पायाखाली खडी टोचली की तो मान खाली घाली, आणि आता समोर कुणी पाहुणा नसे.

तात्पर्य: जुनी वास्तू पाडण्याआधी तिच्या भरवशावर कोण कोण जगतं ते विचारावं, कारण पाडल्यावर उरते ती फक्त लाज.